डोंगरात पडलेलं विमान आणि बंद चौकी

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या संस्थेच्या आधारस्तंभ आदरणीय दीपमालाताई, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रकल्प कार्यालयाचे सन्माननीय साहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे मित्र धर्मेंद्र वळवी सर, हार-तुऱ्यांची सवय नसल्यामुळे सरांशेजारी अवघडून बसलेल्या वहिनी, आश्रमशाळेचे सर्व शिक्षक, पहाटेपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या मावश्या, तोरणमाळच्या आणि आसपासच्या पाड्यांवरून पायी चालत आलेली मंडळी आणि सरांचे आजी-माजी विद्यार्थी हो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

निवेदक ताईंनी माझी ओळख 'ज्येष्ठ समाजसेवक' अशी करून दिली. ते त्यांचं सौजन्य. मी भटू दगा पाटील. तापीकाठचा, शहादा तालुक्यातला. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर संस्थेच्या सल्लागार मंडळावर आलो. वय सत्त्याहत्तर. घाट चढून येईपर्यंत दोनदा गाडी थांबवावी लागली, म्हणून उशीर झाला. मला दहा मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील. साहेबांना खाली उतरायचं आहे याची जाणीव आहे, पण आज मला बोलू द्या.

धर्मेंद्र सर खापरचे. घरची भाषा आदिवासी कोकणी. एकोणतीस वर्षांपूर्वी ते या शाळेत आले तेव्हा इथल्या पाड्यांवर बोलतात त्या पावरीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीला त्यांनी मराठीत नाव विचारलं. ती तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी सर तिच्या पाड्यावर गेले आणि तिच्या आईला विचारलं, 'तुमच्यात लहान मुलाला नाव कसं विचारतात, ते मला शिकवा.' आता बोला, असा मास्तर किती जणांना मिळाला असेल? ती मुलगी आज खाली आरोग्य केंद्रात नर्स आहे. समोरच बसली आहे.

सरांच्या कामाविषयी आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी फक्त एका कामाविषयी बोलणार आहे. ते म्हणजे विमानाचं काम.

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळीस साली, आपल्या डोंगरात एक लष्करी विमान पडलं होतं. त्याचे पत्रे अजून पाड्यांवर सापडतात. कुणाच्या कणगीवर झाकण म्हणून, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला. पण ते विमान कुठलं, कशासाठी आलं, आत कोण होतं, हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. दोन हजार सतरा साली शाळेच्या पत्त्यावर इंग्लंडहून एक पत्र आलं. लिहिणारी एक वयस्कर बाई. तिचा मामा, रॉबर्ट हॅलम, त्या विमानात बिनतारी यंत्रावर होता. मामा जिथे पडला ती जागा मरण्यापूर्वी कळावी, एवढीच तिची इच्छा. सरांनी उत्तर पाठवलं आणि पुढची दोन वर्षं रविवार म्हणून सुट्टी घेतली नाही.

बाईंनी कागद पाठवले. मीही ते पाहिले आहेत. त्या विमानाची जन्मकुंडली म्हणावी असे ते कागद आहेत. सामान आणि माणसं वाहणारं, दोन पंख्यांचं विमान. अमेरिकेत बांधलं, समुद्र ओलांडून आफ्रिकेमार्गे हिंदुस्थानात आणलं. शेपटीवरच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे सहा, एक, चार. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर आपल्या फौजा वेढ्यात अडकल्या, तेव्हा या विमानानं तिथे तांदळाची पोती टाकली, काडतुसांच्या पेट्या टाकल्या. एकदा तर खेचरं नेली. बांबूचे अडसर लावून विमानात उभी केलेली खेचरं! एका फेरीत पंखाला गोळ्या लागल्या, तरी तेवीस जखमी घेऊन ते परत आलं. डावं इंजिन दोनदा बदललं, त्या दोन्ही तारखा कागदावर आहेत. चाक बदलल्याची तारीख आहे. खिडकीची काच बदलल्याची तारीख आहे. ऑगस्ट महिन्यात मोठ्या दुरुस्तीसाठी ते कराचीला गेलं. दुरुस्ती झाली आणि नागपूरमार्गे परत पूर्वेकडे निघालं. ढग टाळण्यासाठी दक्षिणेला वळलं असावं, असा अंदाज कागदात आहे. त्यानंतरची ओळ एकच. 'पोहोचले नाही.'

ते आपल्याकडे पोहोचलं होतं. पोळ्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, धुक्यात, इथून पलीकडच्या डोंगराच्या पोटावर आदळलं. चौघांपैकी तिघं जागीच गेले. चौथा, हॅलम, जिवंत होता. दोन्ही पाय मोडलेले.

पाड्यावरचा खात्या पावरा पहिल्यांदा तिथे पोहोचला. तिशीतला माणूस, नागलीची थोडी शेती. जळत्या विमानापासून त्यानं हॅलमला ओढून बाहेर काढलं. तोंडाला पेज लावली, दुखणं सहन व्हावं म्हणून मोहाची दारू पाजली, बांबूंना झोळी बांधली. खात्याबाबांची मुलगी कालीबाई तेव्हा सात वर्षांची होती. तिनं म्हातारपणी सरांना सांगितलं, की तो गोरा माणूस सारखा आपल्या मनगटाकडे हात नेत होता. शेवटी त्यानं घड्याळ सोडलं, तिच्या बापाच्या मुठीत कोंबलं आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटली. बापाला घड्याळ बघता येत नव्हतं. त्यानं ते हातात घातलं, कारण कमरेच्या फडक्यातून पडलं असतं.

मंडळी, जखमी माणसाला न्यायचं कुठे? घाटमाथ्यावर जंगल खात्याची चौकी होती. तिथे औषधांची पेटी होती, घोडा होता, आणि शहाद्याला निरोप धाडण्याची जबाबदारी तिथल्या गार्डची होती. अर्धा दिवस चालून लोकांनी झोळी चौकीवर आणली. चौकीला कुलूप होतं.

सरकारी कुलूप. ते तोडल्याबद्दल आदल्या वर्षी एकाची पाठ सोलून निघाली होती. लोक ओट्यावर बसून राहिले. ती रात्र गेली, दुसरा अख्खा दिवस गेला. गार्ड आला नाही. तिसऱ्या सकाळी खात्याबाबांनी ठरवलं, की आता थांबायचं नाही. तेव्हा घाट कसला, पाऊलवाट होती, आणि ओढे भरून वाहत होते. सहा माणसं आळीपाळीनं झोळी घेऊन उतरली. घाटाच्या पायथ्याशी, दिवस मावळताना हॅलमनं प्राण सोडला.

इथून ते परत फिरू शकले असते. कुणाला काही कळलं नसतं. पण खात्याबाबांनी त्याला त्याच्याच हवाई छत्रीच्या कापडात गुंडाळलं आणि पुढे पोलीस ठाण्यापर्यंत नेलं. ज्यांचं माणूस त्यांना द्यायचं, एवढंच त्यांना कळत होतं.

आठवड्याभरात एक गोरा अधिकारी चौकशीला आला. त्याच्यासोबत मराठी जाणणारा फौजदार. पावरी दोघांनाही येत नव्हती. म्हणून चौकीच्या गार्डला दुभाष्या केलं. चोवीस वर्षांचा, तापीकाठचा. त्याला पावरी येत होती, आणि ती त्याला खात्याबाबांनीच शिकवली होती. डोंगरातल्या पहिल्या पावसाळ्यात तापानं फणफणला, तेव्हा तो त्यांच्याच घरात पंधरा दिवस पडून होता.

अधिकाऱ्यानं विचारलं, 'घड्याळ कुठून आलं?'

खात्याबाबा म्हणाले, 'सायबानं आपल्या हातानं दिलं. आम्ही आधी चौकीवर गेलो. चौकी बंद होती.'

गार्डनं मराठीत सांगितलं, 'म्हणतो, मेल्यावर काढून घेतलं. चौकीकडे आलेच नाहीत.'

फौजदारानं ते इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. त्या कागदाची बाईंनी पाठवलेली नक्कल आज सरांच्या कपाटात आहे. युद्धकाळात लष्करी मालाची चोरी म्हणून खात्याबाबांना दोन वर्षांची सजा झाली. सजेच्या अकराव्या महिन्यात ते तुरुंगातच वारले. तिघा वैमानिकांना इथून काढून, हॅलमसोबत, लष्करी दफनभूमीत नेलं. तिथे त्यांच्या रांगेचा आणि दगडाचा क्रमांक आहे.

कागदाच्या खाली दुभाष्याची सही आहे. दगा हिरामण पाटील, फॉरेस्ट गार्ड.

ते माझे वडील.

...

नाही, पाणी नको. बोलतो मी.

एकोणीस सालच्या दिवाळीनंतर सर माझ्या घरी आले. हा कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. म्हणाले, 'आप्पा, कालीबाई सांगते चौकी बंद होती. कागद सांगतो ते चौकीवर गेलेच नाहीत. दोन्हीतलं एकच खरं असणार. शाळेच्या फाटकाशी आठवणीचा दगड बसवायचा आहे, त्यावर काय लिहायचं ते यावर ठरेल. त्या आठवड्यात तुमचे वडील चौकीवर होते का? तुम्हाला कधी काही बोलले का?'

बोलले होते ना. चौऱ्याण्णव साली, शेवटच्या आजारपणात. त्याआधी जन्मभर त्यांनी तोरणमाळचं नाव काढलं नाही. जंगल खात्याची नोकरी त्यांनी त्या खटल्याच्या पुढच्याच वर्षी सोडली होती. आम्ही सहलीला निघालो तरी ते घरातून उठून शेतात जायचे. आम्हाला वाटायचं, डोंगरात ताप आला होता त्याची धास्ती. त्या दिवशी मी त्यांचे पाय चेपत होतो आणि ते एकदम म्हणाले, 'भटू, चौकी बंद व्हती रे. मी पोयाले गाव उन्हतू. रजा नही, काही नही.' मी म्हटलं, 'कोनती चौकी, बाबा?' तर म्हणाले, 'तो खरं सांगे. साहेबनी सोता घड्याळ दिधं व्हतं तेले. मी उलटं सांगं. नोकरी जाई म्हनीसन उलटं सांगं.' आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. म्हणजे पोळ्याला ते रजा न टाकताच गावी आले होते, म्हणून चौकीला कुलूप होतं. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, नाही का? मला भीती वाटली, की ते सांगतील.

तर सर माझ्यासमोर बसले होते. घरात सून होती, नातवंडं होती. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. मी म्हणालो, 'वडील चौकीवरच होते. ते कधी ठाणं सोडून जायचे नाहीत.'

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चहा संपवला. 'बरं, आप्पा,' म्हणाले आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. एवढंच.

मी सल्लागार मंडळावर होतो. दगडाचा मजकूर मंजुरीला माझ्यापुढे आला. विमानातल्या चौघांची आणि खात्याबाबांचं, अशी पाच नावं सरांनी लिहिली होती. 'पाचव्या नावाला पुरावा नाही' असा शेरा मी मारला. बत्तीस वर्षं शेरेच मारले होते, हात सरावलेला होता. वीस सालच्या जानेवारीत दगड बसला, चार नावांचा. कालीबाईला सरांनी खुर्ची दिली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं सरांना विचारलं आणि सरांनी खरं ते सांगितलं. ती उठली आणि पाड्याकडे चालू लागली. मी तिथेच होतो. मी तिला जाताना पाहिलं.

एकवीस साली ती गेली.

सरांनी फोन करून मला कळवलं, फक्त बातमी म्हणून. फोन ठेवला आणि मी रुक्मिणीला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेलं. वाटलं होतं, ती म्हणेल, झालं ते झालं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, 'तुमना बापले नोकरीनी भीती व्हती. तुमले कसानी भीती शे?'

आणि खरं सांगतो, त्यानंतरही मला दीड वर्ष लागलं. आज जाऊ, उद्या जाऊ. गुडघे दुखतात, घाटात दरड कोसळली आहे. कारणं काय, मिळतात. तेवीसच्या फेब्रुवारीत मी इथे वर आलो, सरांच्या खोलीत बसलो आणि सांगितलं. मला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, 'आप्पा, हे मला सांगून काय उपयोग? कालीबाईच्या मुलीला सांगा, मीनाबाईला. चला. दुभाष्या मी होईन.'

आम्ही चालत गेलो. मीनाबाईंच्या अंगणात बाजेवर बसलो. मी मराठीत एक वाक्य बोलायचो, सर ते पावरीत सांगायचे. मी म्हणालो, 'माझ्या वडिलांनी खोटं सांगितलं.' सरांनी सांगितलं. मी म्हणालो, 'ते तरुण होते, घाबरले होते.' सर थांबले. मला म्हणाले, 'हेही सांगू?' मी म्हटलं, 'सांगा.' त्यांनी तेही सांगितलं. मग मी म्हणालो, 'तुमच्या आईनं खरं सांगितलं होतं हे मला ठाऊक होतं, आणि मी सरांशी खोटं बोललो.' सरांनी शब्दाला शब्द ठेवला. शेवटी त्यांनी मीनाबाईंना विनंती केली, की तुम्ही काय ऐकलं ते मला परत सांगा. काही चुकीचं पोहोचलं नाही ना, याची खात्री करायला. त्यांनी सगळं जसंच्या तसं परत सांगितलं. सरांनी ते पुन्हा माझ्यासाठी मराठीत आणलं. माझा अपराध मी त्या दिवशी तीनदा ऐकला.

मीनाबाईंनी एकच विचारलं. 'आजोबाला कुठे माती दिली?'

सर आणि मी त्यानंतर सहा महिने कागद शोधले. मी कचेरीतला माणूस, कुठली फाइल कुठे असते ते जाणतो. तुरुंगाच्या जुन्या नोंदीत एक ओळ सापडली. नाव, 'मयत', आणि तारीख. जागा नाही. विमानाचं डावं इंजिन कुठे बदललं ते सांगता येतं, मंडळी. खात्याबाबांचं प्रेत कुठे नेलं, ते सांगता येत नाही.

मी प्रतिज्ञापत्र केलं. ते इंग्लंडच्या बाईंना पाठवलं. त्यांच्या घरात पाऊणशे वर्षं एकच गोष्ट सांगितली गेली होती, की मरत्या रॉबर्टच्या हातचं घड्याळ जंगली लोकांनी ओरबाडलं. त्यांनी लिहिलं, की माझी आई ही गोष्ट मनात धरून मेली, आता तिला कसं सांगू? खटल्यानंतर घड्याळ त्यांच्याकडे परत गेलं होतं. ते त्यांनी मीनाबाईंसाठी पाठवून दिलं. मीनाबाईंनी हात लावला नाही. म्हणाल्या, 'यापायी तो गेला. घरात नको.' ते शाळेच्या कपाटात आहे. तिकडच्या दप्तरखान्यानं कळवलं, की जुनी नोंद बदलता येत नाही, आपलं प्रतिज्ञापत्र तिच्यासोबत ठेवू. म्हणजे तो खोटा जबाब तसाच राहील, त्याला फक्त शेजार मिळाला.

मागच्या महिन्यात दगडावर पाचवं नाव कोरलं. दीपमालाताईंनी एका शब्दात मान्यता दिली, त्यांचे आभार. मी आज येताना पाहिलं. अक्षरं नवीन आहेत, म्हणून वरच्या चारांपेक्षा ती जास्त पांढरी दिसतात.

माझा मुलगा भूपेश मला घेऊन आला आहे, पण तो सभागृहात आलेला नाही. तो बाहेर गाडीत बसला आहे. काल मला म्हणाला, 'मेलेल्या आजोबांचं नाव चारचौघात कशाला?' त्याचा राग मी समजू शकतो. त्याचे आजोबा प्रेमळ होते, हेही खोटं नाही. त्यांनी मला खांद्यावर बसवून सारंगखेड्याची जत्रा दाखवली. मी त्यांच्यावर प्रेम करतो. पण मीनाबाईंना आजोबाच मिळाले नाहीत, याचं उत्तर त्यात नाही.

धर्मेंद्र सर, आपण निवृत्त होत आहात. आपल्याला शाल दिली, श्रीफळ दिलं. मी माझ्याकडून काय देणार? आपण माझ्याशी एकदाही कठोर शब्दानं बोलला नाहीत आणि एकदाही माझी सुटका केली नाहीत. या दोन्हींबद्दल मी आपला ऋणी आहे. आपल्याला आणि वहिनींना खापरच्या घरी उदंड आयुष्य आणि निवांतपणा लाभो.

अध्यक्ष महोदया, मी वेळेची मर्यादा मोडली, तरी आपण मला थांबवलं नाहीत. साहेब, आपणही ऐकून घेतलंत. मावश्या, जेवण निवत असेल. उपस्थित सर्वांचे मी मनापासून आभार मानतो, आणि बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर आपण मोठ्या मनानं तो पोटात घालावा.

मीनाबाई, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. आत्ताचं ते वाक्य तुमच्यासाठी नव्हतं. पोटात घाला, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. तुमच्या आईनं ते पाऊणशेच्या वर वर्षं पोटातच ठेवलं होतं. तुम्ही माफ केलं नाही, तरी ते बरोबरच असेल.

सर, एवढं त्यांना पावरीत सांगा. आणि त्या काही बोलल्या, तर ते माझ्यासाठी मऊ करू नका. सगळ्यांसमोर, या माईकवर, जसंच्या तसं मराठीत सांगा. मी इथेच उभा आहे.